कारखान्याच्या दाराशी थांबलेला कायदा

इसवी सन १८९८ च्या कामकाजाचा जो वार्षिक अहवाल ब्रिटिश सरकारच्या कारखाने-तपासणी खात्याने प्रसिद्ध केला, त्यात लूसी डीन या महिला तपासनीसांची एक लहानशी नोंद आहे. स्त्रियांना त्या खात्यात प्रवेश मिळून तेव्हा पुरती सहा वर्षेही लोटली नव्हती. जिथे जिथे बायका कामाला आहेत तिथे तिथे जाऊन त्यांच्या प्रकृतीची व कामाच्या जागेची पाहणी करावी, हे त्यांच्याकडे सोपविलेले काम. आणि ते करीत असताना ॲस्बेस्टॉस पिंजून त्याचे सूत काढणाऱ्या खात्यांत जी धूळ उडते ती इतर धुळींपेक्षा निराळी व अधिक घातक आहे, हे या बाईंच्या नजरेने टिपले. खात्याच्या वैद्यकीय तपासनीसांनी ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली, तेव्हा तिचे कण काचेच्या तुकड्यांप्रमाणे तीक्ष्ण आणि दातेरी दिसले. अशी धूळ खोलीच्या हवेत तरंगत राहिली तर अपाय व्हायचाच, असे त्या नोंदीत स्वच्छ लिहिलेले आहे. नोंद छापली गेली आणि अहवालाबरोबर दप्तरी दाखल झाली. त्याच ब्रिटनने ॲस्बेस्टॉसच्या वापरावर संपूर्ण बंदी घातली ती १९९९ साली.

या एकशे एक वर्षांचा इतिहास अज्ञानाचा इतिहास म्हणून सांगण्याची प्रथा आहे. त्या काळी कोणाला काही ठाऊक नव्हते, विज्ञान पुढे गेले तसा उलगडा झाला, असे कारखानदारांच्या वकिलांनी न्यायालयांतून पुष्कळदा मांडले आणि ऐकणाऱ्यांना ते पटलेही. कागदपत्रे मात्र वेगळी हकीकत सांगतात. धूळ मारक आहे हे कळले होते. ती कशी आवरावी हेही १९३० पर्यंत पुरतेपणी कळले होते. त्यासाठी कायदासुद्धा झाला. परंतु त्या कायद्याची हद्द कारखान्याच्या दाराशी संपत होती, आणि त्या दारातून बाहेर पडणारा माल ज्या इमारतींत, जहाजांत, शाळांत व इस्पितळांत जाऊन बसत होता, तिथे त्याला कापणारा सुतार, त्याला भोके पाडणारा वीजकामगार आणि नळांवर त्याचा लेप चढविणारा कारागीर यांची त्या कायद्याने दखलच घेतली नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे.

ॲस्बेस्टॉस हा खडक आहे, पण कापसाप्रमाणे पिंजता येणारा. क्वेबेक व उरल पर्वतातील खाणींतून येणारा पांढरा, दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सवाल प्रांतातला तपकिरी आणि केप प्रांतातला निळा, असे त्याचे तीन प्रकार व्यापारात रूढ झाले. तो जळत नाही, आम्लाला सहसा दाद देत नाही, उष्णता अडवितो आणि स्वस्त पडतो. वाफेच्या यंत्रांवर उभ्या असलेल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला नेमके हेच हवे होते: बॉयलरची ऊब बाहेर जाऊ नये, नळांचे सांधे गळू नयेत, नाटकगृहाचा पडदा पेट घेऊ नये. जो गुण त्याला अविनाशी करतो, तोच फुप्फुसात शिरल्यावर घातक ठरतो. त्याचे तंतू उभे चिरत जातात आणि डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक होतात; शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांबीमुळे गिळू शकत नाहीत; आणि त्या न संपणाऱ्या झटापटीतून फुप्फुसात वणांचे जाळे पसरत जाते. श्वासाची जागा वर्षानुवर्षे कमी होत राहते. कर्करोग व्हायचा तर तो वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोके वर काढतो, आणि तोवर मनुष्याने ते काम सोडून, गाव सोडून, कित्येकदा ते विसरूनही गेलेले असते.

१८९९ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस इस्पितळात तेहतीस वर्षांचा एक कामगार धाप लागते म्हणून दाखल झाला. चौदा वर्षे ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत, त्यांतली बरीचशी पिंजण्याच्या खात्यात, त्याने काढली होती. आपल्याबरोबर त्या खात्यात असलेल्या दहा जणांपैकी आपण एकटेच उरलो आहोत, असे त्याने डॉक्टर माँटेग्यू मरे यांना सांगितले. पुढच्या वर्षी तो मरण पावला आणि शवचिकित्सेत त्याची फुप्फुसे तंतुमय, कठीण झालेली आढळली. १९०६ साली, कोणत्या व्यवसायजन्य रोगांना नुकसानभरपाई द्यावी याचा विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे मरे यांची जबानी झाली तेव्हा त्यांनी ही हकीकत सांगितली; मात्र आता कारखान्यांत धूळ काढण्याची व्यवस्था सुधारली असावी, अशी आशाही त्यांनी बोलून दाखविली. समितीने ॲस्बेस्टॉसचे नाव यादीत घातले नाही. त्याच वर्षी फ्रान्समधील देनी ऑरिबो या तपासनीसाने नॉर्मंडीतल्या एका गिरणीत सुरुवातीच्या काही वर्षांत सुमारे पन्नास कामगार मेल्याचे लिहिले, आणि १९१८ साली अमेरिकेतील विमा कंपन्या ॲस्बेस्टॉस-कामगारांचा विमा उतरावयास नाखूश असल्याची नोंद फ्रेडरिक हॉफमन या संख्याशास्त्रज्ञाने केली. जोखमीचा हिशेब ज्यांच्या धंद्याचाच भाग, त्यांनी आपला निर्णय घेऊनही टाकला होता.

रॉचडेल हे मँचेस्टरजवळचे गिरणगाव. आपल्या परळ-लालबागेत वाढलेल्या मनुष्याला ते अनोळखी वाटू नये: तीच धुराडी, तेच भोंगे, तीच अर्धवट शिक्षण सोडून कामाला लागलेली मुले. नेली केर्शॉ ही १८९१ साली जन्मलेली मुलगी अशीच बाराव्या वर्षी शाळा सोडून सूतगिरणीत गेली, तेथून लवकरच ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत आली, आणि १९१७ पासून टर्नर ब्रदर्स या मोठ्या कंपनीत कच्च्या ॲस्बेस्टॉसचे सूत काढू लागली. एकोणतिसाव्या वर्षी तिला धाप लागू लागली. तरीही ती कामावर जात राहिली, आणि १९२२ च्या जुलैत तिला घरी बसावे लागले. तिच्या डॉक्टरांनी दाखल्यावर ॲस्बेस्टॉसची विषबाधा असे निदान लिहिले.

पुढे जे घडले ते त्या काळच्या कागदोपत्री न्यायाचा नमुना म्हणून वाचण्याजोगे आहे. आजारपणाचा भत्ता मिळावा म्हणून तिने आपल्या विमामंडळाकडे अर्ज केला. मंडळाने दाखला वाचला आणि कळविले की, हा आजार कामामुळे जडलेला आहे, सबब भत्ता आमच्याकडून देता येत नाही. भरपाई मालकाकडे मागावी. मालकाकडे मागितली तेव्हा उत्तर आले की, असा कोणताही रोग कायद्याच्या यादीत नाही. म्हणजे रोग कामाचा आहे म्हणून एका दाराने परत पाठविले, आणि कामाचा असा रोगच अस्तित्वात नाही म्हणून दुसऱ्या दाराने. एकदा पैसे दिले तर पायंडा पडेल, ही कंपनीची धास्ती होती, आणि त्याच धास्तीपायी अंत्यविधीच्या खर्चालाही नकार गेला. १४ मार्च १९२४ रोजी नेली केर्शॉ तेहतिसाव्या वर्षी वारली आणि रॉचडेलच्या दफनभूमीत, नावाच्या शिळेवाचून, पुरली गेली. मृत्यूची चौकशी झाली आणि तिची फुप्फुसे विल्यम एडमंड कुक या विकृतिशास्त्रज्ञांकडे गेली. फुप्फुसांच्या छेदांत त्यांना खनिजाचे टोकदार कण व भोवतालचा तंतुमय दाट पदार्थ दिसला. १९२४ च्या जुलैत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी तो वृत्तांत छापला आणि १९२७ साली रोगाला नाव दिले. मालकांच्या लेखी जो रोग नव्हता, त्याला वैद्यकाच्या ग्रंथात जागा मिळाली.

त्यानंतर सरकारला स्वस्थ बसता येईना. कारखाने-खात्याचे वैद्यकीय तपासनीस एडवर्ड मेरवेदर आणि अभियंता तपासनीस चार्ल्स प्राइस यांच्यावर पाहणी सोपविण्यात आली व १९३० च्या मार्चमध्ये त्यांचा अहवाल बाहेर पडला. मेरवेदर यांनी ३६३ कामगार तपासले. त्यांतील ९५ जणांच्या, म्हणजे चौघांतल्या एकाहून अधिकांच्या, फुप्फुसांत वण झालेले होते, आणि नोकरीची वर्षे वाढतील तसतसे हे प्रमाण झपाट्याने चढत जात होते. पण मला स्वतःला त्या अहवालाचा प्राइस यांनी लिहिलेला उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. कोणत्या कामात धूळ किती उडते आणि ती कशाने थांबेल, याचा त्यात खात्यागणिक विचार आहे. बॉयलरभोवती गुंडाळावयाच्या गाद्या ॲस्बेस्टॉसने भरून काठ्यांनी ठोकून सपाट करीत असत; पोती रिकामी झाल्यावर हाताने झटकीत असत; पिंजणयंत्रांची दाते-पट्टी उघड्यावर साफ करीत असत. या प्रत्येकावर उपाय सुचविलेला आहे: यंत्राला झाकण घाला, धूळ जिथे उत्पन्न होते तिथेच तिला खेचून घेणारा पंखा लावा, माल ओला करून हाताळा, कोरडे झाडणे बंद करा, हाताचे काम यंत्राकडे द्या, आणि ज्याला धुळीत शिरल्यावाचून गत्यंतर नाही त्याला श्वासाचे उपकरण द्या. कामगाराला धोक्याची शहाणी जाणीव करून द्यावी, हे मेरवेदर यांचे आग्रहाचे म्हणणे होते. आजही जगभर ॲस्बेस्टॉसच्या कामाचे जे नियम आहेत, त्यांचा पाया या पाचसहा सूत्रांतच आहे.

अहवालानंतर पुढच्याच वर्षी, १९३१ साली, नियम झाले आणि १ मार्च १९३२ पासून त्यांचा अंमल सुरू झाला. हा वेग कोणत्याही काळातील सरकारला भूषणावह म्हणावा लागेल. परंतु मसुदा कारखानदारांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करून ठरला होता आणि त्यात हद्द आखलेली होती: नियम लागू व्हावयाचे ते ॲस्बेस्टॉसचा माल तयार करण्याच्या ठरावीक प्रक्रियांना. नुकसानभरपाईची योजनाही त्याच हद्दीत. शिवाय हद्दीच्या आतही अंमलबजावणी ढिलीच राहिली. १९३१ पासून १९६८ पर्यंतच्या सदतीस वर्षांत या नियमांखाली अवघे दोन खटले भरले गेले.

आणि नेमक्या याच वर्षांत ॲस्बेस्टॉस इमारतींत शिरला. १९३० च्या दशकात तो पिचकारीने फवारण्याची पद्धत निघाली, आणि पोलादी तुळयांना आगीपासून जपावे म्हणून तो ओला लगदा छतांवर व खांबांवर चढू लागला. युद्धकाळात जहाजांच्या गोद्यांत त्याची चढाई झाली. युद्धानंतर बॉम्बने उद्ध्वस्त झालेली शहरे पुन्हा उभारताना शाळा, इस्पितळे व कामगारांची घरे झटपट बांधावयाची होती. त्यांत तपकिरी ॲस्बेस्टॉसचे हलके बोर्ड आड-भिंतींना, छतांना आणि दारांच्या आतून बसले. जमिनीच्या फरश्यांत, छपराच्या पत्र्यांत, पन्हाळीत, वीजपेटीच्या अस्तरात, भिंतीच्या खडबडीत रंगलेपात, कुठे म्हणून तो नव्हता!

नळांवर लेप देणाऱ्या कारागिराचे काम जरा जवळून पाहिले पाहिजे. तो पोते फाडून चूर्ण पिंपात ओतीत असे, पाणी घालून कोपरापर्यंतच्या हातांनी कालवीत असे, आणि तो चिखल तापत्या नळांवर थापून वर कापडी पट्ट्या गुंडाळीत असे. ओल्या चिखलातून धूळ उडत नाही; ती उडे पोते ओतताना, आणि त्याहून अधिक, वर्षांनी कधी दुरुस्ती निघाली म्हणजे तो वाळलेला थर हातोडीने फोडून खाली पाडताना. बॉयलरच्या बंदिस्त खोलीत त्या ढगात तो एकटा नसे. त्याच वेळी शिडीवर वीजकामगार असे, कोपऱ्यात नळकारागीर, दाराशी सुतार. आणि संध्याकाळी कोरड्या झाडूने ती खोली झाडून काढणारा पोऱ्या असे, ज्याच्या वाट्याला सर्वांत जास्त धूळ येई. रॉचडेलच्या गिरणीत पोते झटकणे कायद्याने मना झाले होते. तेच पोते मँचेस्टरच्या एखाद्या शाळेच्या तळघरात झटकणे मना नव्हते. सुताराची गोष्ट याहून कठीण, कारण तो काय कापतो आहे हे त्याला बहुधा ठाऊकच नसे. करवत, पुढे विजेची करवत, त्या बोर्डांतून चालली की पांढुरकी भुकटी त्याच्या भुवयांवर बसे, कपड्यांवर बसे, आणि घरी जाई.

ती घरी जाते एवढ्याने काय होते, याचा पुरावा मिळण्यास मात्र १९६० चे दशक उजाडावे लागले. तत्पूर्वी १९४९ साली मेरवेदर यांनीच दाखवून दिले होते की, ॲस्बेस्टॉसच्या रोगाने मेलेल्या २३५ जणांपैकी ३१ जणांना फुप्फुसाचा कर्करोगही झालेला होता. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी रॉचडेलच्या गिरणीत वीस वर्षांवर काम केलेल्या ११३ पुरुषांचा मागोवा घेऊन हा कर्करोग त्यांच्यात दहापट आहे असे सिद्ध केले. तो निबंध छापला जाऊ नये म्हणून कंपनीने खटपट केली, पण तो छापला गेला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे, मेसोथेलिओमाचे, ३३ रुग्ण नोंदले. त्यांपैकी एक वगळता सर्वांचा संबंध ॲस्बेस्टॉसशी जुळत होता, आणि कित्येक जण खाणीत कधी उतरलेही नव्हते. ते केवळ लहानपणी खाणीजवळच्या वस्तीत राहिले होते. १९६५ साली लंडनमध्ये मॉली न्यूहाउस व हिल्डा टॉम्सन या दोन विदुषींनी याच रोगाच्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला. ३१ जण ॲस्बेस्टॉसच्या कामावर होते. नऊ जण अशा कामगारांच्या घरात राहिलेले होते, आणि त्यांत बहुतेक बायका, ज्यांनी नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे घरी धुतले, एवढाच काय तो त्यांचा संबंध. उरलेल्यांतही अकरा जण पूर्व लंडनमधील कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. अटलांटिकपलीकडे अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी १९६४ साली न्यू यॉर्क परिसरातील, म्हणजे इमारतींच्याच कामावरील, लेपकारागिरांच्या संघटनेची सभासद-पुस्तके चाळली आणि ६३२ जणांच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित असता ४५ झाल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी आपले दप्तर दाखविले नाही, म्हणून त्यांनी कामगारांचे दप्तर उघडले. संघटनेने वर्गणीची पावती नीट ठेवली होती म्हणून हे सत्य हाती आले, याची नोंद आपल्याकडील कामगारचळवळीने अवश्य घ्यावी.

ब्रिटनमध्ये १९६९ साली नवे नियम झाले आणि ते पहिल्यांदा वापरणाऱ्यांनाही, बांधकामालाही, लागू झाले. दार ओलांडण्यास कायद्याला अडतीस वर्षे लागली. त्या मधल्या काळात जे तरुण सुतार कामाला लागले, त्यांचे पुढे काय झाले ते २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे: १९४० च्या दशकात जन्मलेल्या आणि तिशीपूर्वी दहा वर्षांहून अधिक काळ हे काम केलेल्या ब्रिटिश सुतारांत सतरांमागे एक जण मेसोथेलिओमाने मरणार, असा त्याचा अंदाज आहे. १९६८ साली या रोगाने ब्रिटनमध्ये १५३ मृत्यू नोंदले गेले होते. एकविसाव्या शतकात ती संख्या वर्षाला दोन हजारांवर गेली.

१९६८ मध्येच बिल टेट नावाचे टेलिफोन खात्यातील एक अभियंता याच रोगाने वारले. गिरणी नाही, गोदी नाही. इमारतींतून तारा जोडीत हिंडणारा हा मनुष्य. त्यांच्या पत्नी नॅन्सी टेट यांनी खात्याशी दीर्घकाळ झगडून मृत्यूचे कारण मान्य करून घेतले, आणि तेवढ्यावर न थांबता १९७८ साली पीडितांसाठी संस्था काढली. १९८२ साली दूरचित्रवाणीने ॲलिस जेफरसन या बाईची कहाणी दाखविली: तरुणपणी यॉर्कशरमधल्या एका ॲस्बेस्टॉस-गिरणीत तिने अवघे नऊ महिने काम केले होते, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती मेसोथेलिओमाने गेली. त्या माहितीपटाने देश हादरला. पुढच्या वर्षी, लेप व फवारा काढण्याचे काम परवान्याशिवाय करता येणार नाही असा नियम झाला. १९८५ साली निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टॉसवर बंदी आली.

बंदीने नवे येणे थांबते. भिंतीत असलेले भिंतीतच राहते. म्हणून ब्रिटनने २००४ पासून इमारतीच्या व्यवस्थापकावर एक कर्तव्य टाकले: आपल्या इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे, कोणत्या स्थितीत आहे, याची नोंदवही ठेवावी, आणि तिथे छिन्नी अथवा बरमा लावणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दाखवावी. खात्री नसेल तर आहे असेच धरून चालावे. जो धड आहे, भुगा न होणारा आहे, त्याला हात लावू नये. रंगाने अथवा लेपाने बंद करून, खूण करून, अधूनमधून पाहत राहावे, कारण तो काढण्यातच धूळ उडते. काढावाच लागला तर खोली प्लास्टिकच्या पडद्यांनी बंदिस्त करून आतली हवा गाळणीतून अशी ओढून घ्यावी की फटींतून वारा आत यावा, बाहेर जाऊ नये; माल भिजवून, हाताच्या हत्याराने, शक्य तो अखंड काढावा; विजेची करवत, कोरडा झाडू व साधा निर्वातक झाडू वापरू नये, कारण साध्या यंत्राच्या गाळणीतून हे तंतू निसटून पुन्हा हवेत येतात. कामगाराने टोपीसह टाकाऊ अंगरखा व चेहऱ्याला घट्ट बसणारा उच्च प्रतीचा मुखवटा घालावा. नाकाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. दाढी असल्यास मुखवटा नीट बसत नाही. कपडे तिथेच उतरावे, अंग धुवावे, कचरा दुहेरी पिशवीत बांधून चिठ्ठी लावावी, आणि त्रयस्थ परीक्षकाने हवा तपासून दाखला दिल्यावाचून ती खोली कोणास उघडू नये. प्राइस यांची १९३० ची सूत्रे इथे पुन्हा ओळखू येतात.

रॉचडेलचा हात आपल्यापर्यंत पोचलेला आहे. टर्नर अँड न्यूअल या टर्नर ब्रदर्सच्याच समूहाच्या भारतातील कंपनीने १९३० च्या दशकात मुंबईजवळ मुलुंडला सिमेंट-पत्र्यांच्या धंद्याचा पाया घातला, आणि पुढे घाटकोपरला ब्रेकचे अस्तर व ॲस्बेस्टॉसचे कापड तयार करणारा कारखाना उभा राहिला. ज्या मुलुंड-घाटकोपरच्या वस्त्यांत कोकणातून व घाटावरून माणसे येऊन राहिली, त्यांच्याच डोक्यावर तो पत्रा चढला. आणि तेथून तो बाजारसमित्यांच्या गोदामांवर, शाळांच्या वर्गांवर, पोल्ट्रीच्या खुराड्यांवर आणि गावोगावच्या पडव्यांवर पसरला. कौलांपेक्षा तो स्वस्त, टिनासारखा तापत नाही, गंजत नाही. सिमेंटने बांधला गेल्यामुळे त्यातील ॲस्बेस्टॉस, जो वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो, फवाऱ्याच्या लेपाइतका सहज सुटत नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. जुना पत्रा उन्हापावसाने झिजून वरून रवाळ झाला, फुटला, कापला वा बरम्याने भोकसला गेला म्हणजे तो सुटतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या अर्जावर निकाल देताना, कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. प्रत्येक ॲस्बेस्टॉस-कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर, जपून ठेवावी असा हुकूम केला. आणि रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये भरपाई ठरविली. चाळीस वर्षांचा आकडा ज्याने घातला त्याला या रोगाचा स्वभाव कळला होता. परंतु नोंद राहायची ती ज्याचे नाव मस्टरवर आहे त्याची. १९९६ च्या बांधकाम-कामगारविषयक अधिनियमाची व्याप्तीही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती होती. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, घरमालकाने रोजावर बोलावलेले दोन गडी कोणत्याच मस्टरवर नसतात. एक जण वर चढून गंजलेले हूक विजेच्या चकतीने कापतो, चकती पत्र्यातही शिरते. दुसरा खाली उभा राहून फेकलेले पत्रे झेलतो किंवा पडू देतो. फुटलेल्या तुकड्यांचा चुरा अंगणातल्या खड्ड्यात भरला जातो, चांगले तुकडे मोरीच्या आडोशाला लागतात. भारतीय मानक संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याविषयी १९८६ साली आणि सिमेंट-पत्र्यांच्या सुरक्षित वापराविषयी १९८७ साली मार्गदर्शक मानके काढलेली आहेत. ती त्या अंगणापर्यंत गेलेली नाहीत.

त्या दोन गड्यांनी काय करावे, हे सांगणे अवघड नाही. पत्रा आधी पाण्याच्या मंद फवाऱ्याने पुरता भिजवावा, जोराच्या धारेने कधीही नव्हे. हूक तेल घालून पान्याने सोडवावा, न सुटल्यास हूकच हाताच्या कातरीने तोडावा, पत्र्याला चकती लावू नये. पत्र्यावर पाय देऊ नये, फळ्या टाकून चालावे. जुना पत्रा माणसाच्या भाराने अचानक मोडतो आणि धुळीने मरण्याआधी मनुष्य पडून मरतो. पत्रे अखंड खाली उतरवावेत, फेकू नयेत. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत, आणि धोकादायक कचरा म्हणून त्यांची विल्हेवाट लावावी. खाली सांडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून ते फडकेही त्याच गुंडाळ्यात टाकावे. घरातल्या बाईला ते कपडे धुवावयास देऊ नयेत.

मुंबई-पुण्यात जुन्या चाळी, गिरण्यांचे शेड आणि वसाहती पुनर्विकासासाठी झपाट्याने पाडल्या जात आहेत, व त्यांच्या भिंतींत, नळांभोवती आणि छपरांवर रॉचडेलच्या शतकाचा माल बसलेला आहे. इमारत पाडण्याच्या परवान्यासाठी जो अर्ज करावा लागतो, त्यात ‘इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे, किती आहे, आणि तो पाडकामापूर्वी कोण काढणार’ असा एक रकाना असावा, आणि तो कोरा असल्यास अर्ज परत जावा. महापालिकेने मनात आणले तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.